उघड्या पाण्याची मुदत

मराठीत बोट 'लागते'. ऊन लागते, दृष्ट लागते, तशीच बोट लागते आणि घाटात गाडीही लागते. या एका क्रियापदात त्या दुखण्याविषयीची समाजाची समजूत सामावलेली आहे. बाहेरून काहीतरी येऊन माणसाला चिकटते, आणि ज्याला चिकटते तोच थोडा कच्चा असावा, अशी ती समजूत. मुंबईहून गोव्याकडे आगबोटी जात त्या काळी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचे चाकरमानी हे दुखणे चांगले ओळखून होते. पावसाळ्यात त्या बोटी बंदच राहात. समुद्र केव्हा टाळावा हे वेळापत्रकच ठरवून देई. प्रवाशाला त्याचा विचार करावा लागत नसे.

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर मात्र बोटी बारमाही चालतात आणि चढावे की न चढावे हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. आज साठी-सत्तरीत असलेल्या मराठी माणसाला ही बेटे प्रथम रेडिओवरून भेटली. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजला हरवले, तेव्हा त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका ही नावे घरोघर झाली. परंतु त्या बेटांच्या मधल्या पाण्याची चौकशी कोणी केली नाही. नकाशात ते अंतर नखाएवढे दिसते.

ते पाणी सर्वत्र सारखे नसते, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. पूर्वेकडील लहान बेटांची माळ धनुष्यासारखी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्या पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला कॅरिबियन समुद्र. वर्षाचा बहुतेक काळ व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत त्यांना विशेष जोर असतो. बेटाच्या पश्चिम अंगाला डोंगरांचा आडोसा मिळतो, तेथे पाणी पुष्कळदा तळ्यासारखे शांत असते. पण दोन बेटांच्या मधली खिंड म्हणजे उघडे दारच. सबंध अटलांटिकवरून चाल करून आलेल्या लाटा त्या दारातून आत घुसतात. म्हणूनच व्हर्जिन बेटांतील सर फ्रान्सिस ड्रेक सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंना बेटे असल्याने प्रवास बहुधा सुखाचा होतो. उलट सेंट मार्टिनहून सेंट बार्थेलेमीला जाणारी बोट तासाभराच्या आत पोहोचते, तरी त्या वाटेचे नाव काढताच अनुभवी प्रवासी हात जोडतात. बँकेत कर्ज मंजूर करताना रकमेइतकीच मुदतही पाहतात. बोट लागणाऱ्यानेही मैलांचा हिशेब करण्यापेक्षा उघड्या पाण्यात किती वेळ राहावे लागेल, त्याची मुदत पाहावी.

सांगलीकडच्या एका कुटुंबात वडीलधाऱ्या बाईंना सारे 'अक्का' म्हणतात. त्यांच्यावर हा हिशेब करण्याची वेळ ग्रेनाडात आली. त्यांची मुलगी तेथे सेंट जॉर्जेसच्या वैद्यकीय विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. जावई स्थापत्य अभियंता. 1 जुलै 2024 रोजी बेरिल हे चक्रीवादळ उत्तरेच्या कॅरियाकू बेटावर धडकले आणि तेथील बहुतेक घरांची छपरे उडाली. त्या पुनर्बांधणीच्या कामावर जावई गेले ते तेथेच राहिले. पंधरवड्यातून एकदा बोटीने घरी येत आणि दोन दिवसांनी परत जात. अक्का आणि अण्णा फेब्रुवारीत तेथे गेले, तेव्हा जावयांचे काम ऐन भरात होते. त्यांना येणे जमेना. अक्कांनी सांगितले, "ते येत नसतील तर आपण जाऊ. एवढ्या लांब येऊन त्यांच्या हातात चार वड्या ठेवता आल्या नाहीत, तर आलो कशाला?"

या वाक्याने सारे घर चकित झाले, कारण आंबा घाटात गाडी लागते म्हणून धाकट्या बहिणीच्या रत्नागिरीच्या वास्तुशांतीलाही अक्का गेल्या नव्हत्या. लग्ने, बारशी, यात्रा, किती गोष्टी अशा राहून गेल्या! घरचे लोक हसत, 'घाट आला की अक्का नाही' असे म्हणत. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण तेवढ्याने ते बोचायचे थांबत नाही.

मुलीने आईला प्रथम त्या दुखण्याचे मूळ समजावून दिले. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असलेल्या दोन पिशव्या असतात. शरीर वळते, चढते, उतरते त्याची वर्दी त्या मेंदूला देतात. बोटीच्या खोलीत डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे; कान सांगतो की आपण वरखाली होत आहोत. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्याचे पर्यवसान मळमळीत होते. सुमारे पाच सेकंदांत एक अशा संथ हेलकाव्याचा त्रास सर्वाधिक होतो. ज्यांचा अंतर्कर्ण निकामी असतो, त्यांना मात्र बोट लागतच नाही. याचा अर्थ, हे दुखणे म्हणजे मनाचा दुबळेपणा नसून एक इंद्रिय शाबूत असल्याची खूण आहे. इंग्लंडचा प्रख्यात दर्यासारंग नेल्सन याच बेटांत 1784 ते 1787 या काळात नौकेवर होता, नेव्हिस बेटावर त्याचे लग्नही झाले; आणि त्याला जन्मभर बोट लागत होती. हे ऐकून अण्णांनी चष्मा काढून पुसला. घाटातल्या विनोदात त्यांचाही वाटा असे.

औषधाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. कानामागे लावण्याची स्कोपोलामाइनची पट्टी अनेकांना उपयोगी पडते. पण अक्कांना अरुंद कोनाचा काचबिंदू आहे आणि अशा डोळ्याला ती पट्टी वर्ज्य. प्रवासापूर्वी घेण्याच्या नेहमीच्या गोळ्यांनीही झोप येते, तोंड कोरडे पडते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. आपल्याकडे प्रवासाला निघताना शेजाऱ्याच्या डब्यातील गोळी सहज तोंडात टाकतात, म्हणून हे मुद्दाम लिहिणे भाग आहे. ग्रेनाडा मसाल्यांचे बेट. बाजारात आले हवे तेवढे. पण कंदमूळ असल्याने ओले आले अक्कांना चालत नाही. सुंठ चालते. आल्या-सुंठीने काहींना गुण येतो, काहींना येत नाही. अक्कांच्या डब्यात सुंठीच्या वड्या होत्याच.

आता वाटेचा विचार. ग्रेनाडा बेट सुमारे 34 किलोमीटर लांब. सेंट जॉर्जेसहून निघालेली बोट आधी पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाने उत्तरेकडे जाते. हा टप्पा सुखाचा. बेटाचे उत्तर टोक सुटले की खिंड सुरू होते. त्या टोकापासून सुमारे आठ किलोमीटरवर पाण्याखाली एक जिवंत ज्वालामुखी आहे. 1939 साली त्याचा उद्रेक प्रथम नोंदला गेला. त्याचे नाव 'किक-एम-जेनी', म्हणजे लाथ मारणारी जेनी; खवळलेल्या पाण्यावरूनच ते पडले असावे असे मानतात. ज्वालामुखीपासून बोटी ठरलेले अंतर राखून जातात. पण लाटांपासून अंतर कोठून राखणार? जाताना त्या उजव्या अंगाने समोरून येतात आणि बोट त्यांवर आपटत चालते. वेगवान बोटीला एकूण दीड-दोन तास लागतात. मालवाहू बोट त्याहून बराच वेळ घेते. विमानाने वीस मिनिटे.

अण्णा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कागदावर भाडी मांडून दाखवली: बोट स्वस्त, विमान महाग, आणि "समुद्र पाहायला मिळेल तो वेगळाच." मुलगी म्हणाली, "अण्णा, समुद्र तुम्ही पाहणार. अक्का पिशवीत पाहणार." लहान विमानातही धक्के बसतात, तेही अक्कांना सोसणारे नव्हते, पण वीस मिनिटे आणि दोन तास यांत फरक आहे. शेवटी अक्कांनीच तोड काढली. जाताना विमान. येताना वारा आणि लाटा पाठीमागून असतील, बोट आपटणार नाही, तेव्हा बोटीचे पाहू. मागून येणाऱ्या लाटांत बोट डुलते, नागमोडी वळते, हेही मुलीने लपवले नाही. परतीची विमानाची जागाही राखून ठेवली. ती खुशाल वाया जावो. नकार देण्याची मुभा फुकट मिळत नाही, आणि भीतीने ग्रासलेल्या माणसाला तीच आधी हवी असते.

कॅरियाकूवर त्या चार दिवस राहिल्या. छपरांवर अजून कोठे कोठे निळी ताडपत्री होती. जावई दिवसभर कामावर. संध्याकाळी दिवस मावळण्याआधी सर्वांचे जेवण उरके. रोज सकाळी अक्का बेलएअरच्या टेकडीवर जात. तेथून हिल्सबरोचा उपसागर आणि दूरवर ग्रेनाडाचे डोंगर दिसतात. पहिले दोन दिवस दूरच्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे कळप धावत होते. तिसऱ्या दिवशी ते विरळ झाले. विंडवर्ड गावात लाकडी नावा बांधण्याची परंपरा अजून जिवंत आहे. तेथल्या एका वृद्ध कारागिराला अक्कांनी मुलीकरवी विचारले, बोटीत कोठे बसावे? तो हसला नाही. मध्यावर, जरा मागे, खालच्या मजल्यावर, जेथून बाहेरचे दिसेल तेथे, असे त्याने सांगितले. पुढच्या टोकाला हेलकावा सर्वांत मोठा, हे त्याने हाताने करून दाखवले.

चौथ्या दिवशी फेस जवळजवळ दिसेना. अक्का एवढेच म्हणाल्या, "बोट." अण्णांनी विमानाच्या जागेची आठवण केली नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हते.

सूर्योदयापूर्वी काही घ्यावयाचे नाही हा अक्कांचा नियम. रिकाम्या पोटीही बोट अधिक लागते. म्हणून उजाडताच धक्क्यावर बसून त्यांनी अर्धी कडक भाकरी आणि सुंठीची वडी खाल्ली. बोटीत सांगितलेली जागा मिळाली. पुस्तक नाही, मोबाइल नाही, नजर ग्रेनाडाच्या डोंगरावर. खिंडीच्या मध्यावर एक लांब लाट मागून आली, बोट एका कुशीवर गेली आणि अक्कांना ओकारी झाली. मुलीने पिशवी धरली, पाणी दिले. अण्णा उठू लागले तेव्हा अक्कांनी हातानेच त्यांना बसवले आणि पुन्हा डोंगराकडे पाहू लागल्या. दुसऱ्यांदा ओकारी झाली नाही.

उत्तर टोक मागे पडले आणि पाणी एकाएकी निवले. व्हिक्टोरिया गेले, मग गोयाव्ह या कोळ्यांच्या गावाची घरे दिसू लागली. अक्कांनी डबा उघडून उरलेली अर्धी भाकरी काढली आणि रत्नागिरीला आता कोणत्या घाटाने जातात, ते अण्णांना विचारले.