स्क्रू नसलेले यंत्र

आमच्या घरात इंग्रजी भाषा शाळेच्या वाटेने आली नाही. ती टेपरेकॉर्डरच्या बटणांवरून आली. प्ले, स्टॉप, पॉज, रिवाइंड, इजेक्ट हे शब्द माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांना माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून वाचता येत होते. एखादी गोष्ट कुणी फार पाल्हाळ लावून सांगू लागले की बाबा आजही म्हणतात, "जरा फॉरवर्ड कर." आईचे बोलणे लांबले तर हळूच "पॉज" म्हणून पाहतात, पण ते बटण आमच्या घरात आजवर कधी चाललेले नाही.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आपल्या महाविद्यालयाचा कट्टा. मधल्या सुट्टीत तिथे वीस जण बसलेले असतात आणि त्यांतल्या पंधरांच्या कानांत काळी किंवा पांढरी बी खुपसलेली असते. त्याबद्दल तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. माझ्याही कानात ती असते. पण इतरांचे लक्ष गाण्याकडे असते तेव्हा माझी नजर त्या बीच्या अंगावरून फिरत राहते. हिचा स्क्रू कुठे आहे? दुरुस्तीवाल्याच्या पोटी जन्म घेतला की हा दोष अंगाला चिकटतो. लोक गाणे ऐकतात, आम्ही स्क्रू शोधतो.

बाबा १९८८ साली, चौदाव्या वर्षी, बदलापूरहून लोकलने उल्हासनगरच्या बाजारातल्या एका गाळ्यात कामाला जाऊ लागले. ज्यांनी उल्हासनगर नुसते गाडीच्या खिडकीतून पाहिले आहे, त्यांना त्या गावाची थट्टा तेवढी ठाऊक असते. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आला आहे. त्यामागची हकिगत मात्र हसण्यासारखी नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे नाव गेले, पण कॅम्प एक ते पाच हे आकडे अजून राहिलेच आहेत. ज्यांचे सगळे मागे राहिले त्यांनी जे हाताला लागेल ते बनवले, विकले, जोडले आणि पुन्हा विकले. बाबांचे शेठ याच पिढीच्या मुलांपैकी. ते म्हणत, "बिघडा हुआ माल होता ही नहीं, खोलनेवाला नहीं मिलता." बाबा खोलणारे झाले.

त्या काळी टेबलावर येणारा मानाचा पाहुणा म्हणजे वॉकमन. जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी तो पहिल्यांदा विक्रीस काढला. किंमत ३३,००० येन. त्याआधी खिशात मावणारे ट्रान्झिस्टर होते, पण रेडिओ लावणार तेच आपण ऐकणार. वॉकमनने माणसाला आपले गाणे आपल्यासोबत चालवायला दिले. गंमत अशी की, तो बनवणाऱ्यांनाच एकट्याने गाणे ऐकणे थोडे शिष्टाचाराला सोडून वाटले असावे. पहिल्या मॉडेलला इअरफोनची दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. पुढच्या मॉडेलांत ते बटण गेले. माणसांना बोलायचे नव्हते, हे कंपनीच्या लवकर ध्यानात आले म्हणायचे!

असा दोन भोकांचा एक वॉकमन एकदा दुरुस्तीला आला होता. माझ्या आईबाबांचे लग्न तेव्हा ठरलेले होते. 'चालवून बघतो' अशी शेठची परवानगी काढून बाबा तो एका रविवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले. शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे ते देऊळ, वालधुनीच्या काठी. आणि त्याच्या पायऱ्यांवर बसून हे दोघे प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते ऐकत आहेत, असे चित्र मी पुष्कळदा रंगवले आहे. आईला विचारले तर ती म्हणते, "कसलं गाणं? माझ्या कानातलं बंदच होतं. मी आपली मान हलवत होते." दुसऱ्या भोकाची सोल्डरिंग सुटलेली होती, हे बाबांना दुसऱ्या दिवशी टेबलावर कळले.

वॉकमनचे आजार ठरलेले असत, आणि ते समजून घेण्यात एक सुख होते असे बाबा सांगतात. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर या चालीने हेडवरून सरकली पाहिजे. रबरी बेल्ट सैल पडला की चाल मंदावते आणि गायिकेचा आवाज गायकासारखा येऊ लागतो. चाल ठीक असून आवाज दबका येत असेल तर हेडवर फितीची तांबडी भुकटी बसलेली असते. कापसाला स्पिरिट लावून ती पुसायची. फीत गुंडाळी करून आत अडकत असेल तर रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो. म्हणजे कान डोळ्यांना सांगत आणि डोळे बोटांना. बाबांना त्या यंत्राचा सिद्धांत कुणी शिकवला नव्हता, पण नुसते ऐकून ते दोष सांगत. डॉक्टरला जशी नाडी, तशी त्यांना ती घरघर.

पुढे सीडी आली. सीडीत रबर कमी आणि प्रकाश जास्त. लेझरचा किरण तबकडीवरचे सूक्ष्म खळगे वाचतो, तेव्हा भिंगावरची धूळ पुसणे आणि लेझरचा जोर ठरवणारा बारीक प्रीसेट किंचित फिरवणे एवढेच काम हाती उरले. व्हीसीडीने मात्र धंद्याला बरकत आणली. तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटांचेच चित्र मावत असल्यामुळे एका हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन तबकड्या लागत, आणि नायिकेला खलनायकाने पळवले की नेमके उठून तबकडी बदलावी लागे. डबीसारखे उघडणारे, पडदा जोडलेले छोटे प्लेअरही बाजारात आले. ते मांडीवर घेऊन लोक सिनेमा पाहत. त्यांची बिजागरीजवळची पट्टी वाकून वाकून तुटे. ती जोडणारे हात बाजारात थोडे होते, आणि त्यांत बाबा होते.

२६ जुलै २००५ चा पाऊस या भागातल्या कुणाला सांगायला नको. उल्हास नदीने बदलापूर घेतले, खाली कल्याणपर्यंत पाणीच पाणी. गाळ्यात चिखल भरला. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण त्यानंतरचे दोन महिने बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहेत की मीच तिथे होते असे वाटते. लोक गोणीत भरून यंत्रे आणत. टू-इन-वन, वॉकमन, प्लेअर, मोबाइल. बाबा एकेकाचे स्क्रू काढून पाण्याने धूत, स्पिरिटने पुसत, उन्हात वाळवत. टेप बहुतेक जगले. सीडीचे निम्मे गेले. मोबाइल तेवढे जवळजवळ सगळे मेले. "जेवढं नवीन तेवढं नाजूक," असे बाबा म्हणत. पण त्या वेळी त्यांनी त्याचा पुढचा अर्थ काढला नव्हता.

एमपीथ्री नावाच्या युक्तीची मी येथे थोडक्यात ओळख करून देते. मोठ्या आवाजाच्या पाठीमागे दडलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? एवढे वगळले की सीडीवरचे गाणे साधारण अकराव्या हिश्शात मावते. चार मिनिटांचे गाणे चार एमबीत. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने आयपॉड काढला, तेव्हा त्यात पाच जीबीची इवलीशी हार्ड डिस्क होती आणि हजार गाणी खिशात, अशी त्याची जाहिरात होती. आमच्या बाजारात आयपॉड फारसा दिसला नाही. त्याच्यासारखे दिसणारे चिनी प्लेअर मात्र ढिगाने दिसले. आणि लगेच मोबाइलमध्येच नखाएवढे मेमरी कार्ड आले. दोन जीबीच्या कार्डात पाचशे गाणी! बाबांच्या टेबलाशेजारी एक संगणक आला आणि 'मोबाईल डाउनलोडिंग' अशी पाटी लागली.

मला आठवते ते हे टेबल. शाळेला सुट्टी असली की मी तिथे स्टुलावर बसत असे. गिऱ्हाईक कार्ड पुढे सरकवी आणि म्हणे, "भरून द्या." काय भरायचे हे फार थोडे जण सांगत. अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारी मुले, जीन्स शिवणारे कारागीर, कर्जत गाडीत रोज दीड तास उभे राहणारे लोक. बाबा माणूस पाहून गाणी निवडत. याला भोजपुरी, त्याला भीमगीते, या काकांना अभंग आणि जुनी लताबाई. वीस-तीस रुपयांत माणूस महिनाभर पुरेल एवढे गाणे खिशात घालून जाई. शेवटी टपालाच्या तिकिटाएवढे अंधुक चित्र दाखवणारा एखादा सिनेमा फुकट. ही गाणी ज्यांची होती त्यांना त्यातले एक पैसाही मिळत नसे, हे आता मला कळते. बाबांना तेव्हाही कळत असावे. पण पोट आणि कायदा यांची गाठ आमच्या बाजारात नेहमीच सैल राहिलेली आहे.

मग २०१६ साल उजाडले. त्या सप्टेंबरच्या ५ तारखेला देशात फुकट इंटरनेट सुरू झाले आणि दोनच दिवसांनी, ७ तारखेला, तिकडे अमेरिकेत आयफोन ७ जाहीर झाला; त्यात इअरफोनचे भोकच नव्हते. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या टेबलाच्या बाबतीत एकीने डावा पाय काढला आणि दुसरीने उजवा. दिवाळीपर्यंत 'भरून द्या' म्हणणारे दिसेनासे झाले. गाणे आता आभाळातून येऊ लागले, भरायचे काय? इअरफोनची वायर कानाशी तुटते, ती जोडणे हा बाबांचा रोजचा चहापाण्याचा धंदा. पुढे वायरच उरली नाही. नवीन वर्षात शेठने गाळ्यात मोबाइलची कव्हरे लावली. बाबांना अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम मिळाले. खोक्याला चिकटपट्टी लावायची. बंद करायचे काम. जन्मभर उघडणाऱ्या माणसाला!

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या कानातली बी मुकी झाली. बाबांनी चष्मा चढवला, भिंग घेतले आणि ती दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली. "ह्याचा स्क्रू कुठाय?" स्क्रू नव्हता. डिंकाने चिकटवलेली डबी. ब्लेड घालून बाबांनी ती उघडली, आतली हरभऱ्याएवढी बॅटरी मेलेली आहे हेही ओळखले. पण तशी सुटी बॅटरी मिळाली नाही, आणि उघडलेले कवच पुन्हा बसेना. त्यांनी ती कागदाच्या पुडीत बांधून भावाला परत दिली. एवढे संकोचलेले बाबा मी पूर्वी पाहिले नव्हते.

अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी वस्तू मुद्दाम अल्पायुषी बनवण्याची चाल समजावून सांगितली, तेव्हा मला ती पुडी आठवत होती. तासानंतर मी पुष्कळ वाचले. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे. युरोपात २०२३ च्या कायद्याने ठरले आहे की २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. मी हे घरी उत्साहाने सांगितले. बाबा म्हणाले, "म्हणजे तिकडे परत स्क्रू येणार." आणि जेवू लागले.

आता एक ताजी गोष्ट. आमच्या चाळीजवळच्या इमारतीतले एक गृहस्थ दिवाळीनंतर एक वॉकमन घेऊन आले. माळा साफ करताना मिळाला, सोबत एक कॅसेट. कॅसेटवर त्यांच्या आईचा आवाज आहे. बाई जाऊन अठरा वर्षे झाली. बेल्टचे डांबर झाले होते. बाबांनी दुसऱ्या एका मेलेल्या टेपचा बेल्ट काढून बसवला. फीत फिरली, पण आवाज घोंगडीखालून यावा तसा. बाबांचा या कामावरचा हात नऊ वर्षे बंद होता. त्यांनी मला फोनवर त्या मॉडेलचे माहितीपत्रक शोधायला सांगितले. ते सापडले, सगळे इंग्रजीत.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. घरात इंग्रजी वाचणारी पहिली मुलगी म्हणून मला थोडा ताठा होताच. तिसऱ्या पानावर 'ॲझिमुथ' शब्द आला. शब्दकोशात पाहिले. त्यात 'दिगंश' असा अर्थ दिला होता. क्षितिजावर तारा कुठल्या दिशेला आहे ते मोजण्याचा कोन. मी तारे, क्षितिज, उत्तर दिशा असे सगळे समजावू लागले.

"अगं, हेडच्या बाजूचा लहान स्क्रू तो," बाबा म्हणाले. "लाल रंग लावून बंद केलेला असतो. पुढचं वाच."

त्यांनी रंग खरवडला, पाव आटा फिरवला, कान जवळ नेला, किंचित मागे घेतला. घोंगडी बाजूला झाली. आतून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "अरे, चालू आहे का ते? बंद कर, सेल जातील."

गृहस्थ काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जरा मागे घ्या."