अर्धी वाटी

भिंगारला आमच्या घरात पोट दुखलं की आधी ओवा आणि मग अ‍ॅसिडिटीची गोळी. अब्बांनी आठ महिने गोळ्याच खाल्ल्या. भूक मेली, वजन उतरलं, शौच काळं होऊ लागलं, तरी 'गॅस असेल' असं आम्हीच म्हणत राहिलो. दोष आमचाच. २०१९ मध्ये नगरला दुर्बिणीनं तपासलं, तेव्हा जठराचा कर्करोग जवळच्या गाठींपर्यंत पोचला होता.

मुंबईचं नाव काढताच अब्बा म्हणाले, "बादशाह यहींच गुजरा. मेरे को बंबई नक्को ले जाओ." आलमगीर बादशहा १७०७ साली भिंगारलाच गेला, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. अम्मी म्हणाली, "वो अठ्ठ्यासी का होके गया. तुम साठ के भी नहीं." अब्बा निमूट गाडीत बसले.

सर्जननं स्पष्ट सांगितलं, रोग यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला असेल, तर जठर काढून आयुष्य वाढत नाही. मग औषधांवरच भर द्यायचा. अब्बांचा तिथवर गेला नव्हता. आधी चार केमो, मग शस्त्रक्रिया. सगळं जठर आणि भोवतालच्या गाठी काढल्या, अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. नंतर पुन्हा चार केमो.

१८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ती बाई जेमतेम चार महिने जगली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत, अब्बांना दिली तशी केमो आणि शस्त्रक्रिया मिळालेले निम्मे रुग्ण चार वर्षांहून जास्त जगले. उरलेल्या निम्म्यांचा विचार आला की माझी झोप उडायची.

अब्बांना आता दर दोन तासांनी अर्धी वाटी खावं लागतं आणि बी-१२ चं इंजेक्शन घ्यावं लागतं. पहिल्या रमजानला ते रडले. लहानपणापासून एक रोजा चुकला नव्हता. पेशइमाम साहेबांनी समजावलं, "आजाऱ्याला सूट अल्लाहनंच दिली आहे. फिदया द्या." तेव्हापासून ते रोज एका गरिबाच्या दोन वेळच्या जेवणाचा डबा स्वतः पोचवतात.

पाच वर्षं उलटून गेली. कुणी अ‍ॅसिडिटीची गोळी मागितली की अब्बा आधी वजन विचारतात. सहेरीला आम्हाला तेच उठवतात. आम्ही जेवतो आणि ते शेजारी अर्धी वाटी घेऊन बसतात.