वावरात जायला कोणती गाडी घ्यावी?

मंडळी, मृग जवळ आला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "भाऊ, वावरात जायला भरवशाची गाडी कोणती घ्यावी?" यंदा विचारणाऱ्यांत माझा चुलतभाऊही आहे. पुण्यात नोकरी, महिन्यातून एखादी चक्कर गावाकडं. त्यानं मोबाईलवर अमेरिका-कॅनडातले व्हिडिओ पाहिले. मोटारसायकलसारखं हँडल, चार जाड टायर, चिखलातून न् ओढ्यातून सुसाट जाणारी एटीव्ही. मागं शिकार बांधलेली, पुढं मासे धरायचे गळ. मला म्हणतो, "दादा, असली एक घेऊ. जागलीलाही होईल, तलावावर मासे धरायलाही होईल, जमलं तर एखादं डुक्करही."

एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. लांब आहे, पण दहा लाखांचा प्रश्न आहे. वाचा.

आधी शिकारीचं मिटवू. तिकडं परवाना काढून शिकार चालते, म्हणून तिकडच्या गाड्या त्या हिशोबानं बनतात. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. रोही आणि रानडुकरं आपलं सोयाबीन, तूर, हरभरा खातात हे खरं. रात्र रात्र जागून माणसं बेजार झाली हेही खरं. त्यासाठी वनखात्याकडं रीतसर अर्ज करून, अटी पाळून पारधीची परवानगी मागता येते. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. पण मनानंच गाडीला मोठे लाईट लावून रात्री मेडशीकडच्या जंगलाच्या कडेनं फिरणं म्हणजे गुन्हा. आणि अशा गुन्ह्यात वापरलेली गाडीही जप्त होते. भावाला मी एवढंच म्हटलं, की शिकारीसाठी सर्वांत भरवशाची गाडी म्हणजे जी गेटवर उभी राहते ती.

आता मासे. आपल्या भागातल्या बहुतेक पाझर तलावांचा, प्रकल्पांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची, पैसा त्यांचा. आपण हौसेनं गळ टाकायचा तर त्यांना विचारून. शिवाय पावसाळा हा माशांच्या अंडी घालण्याचा काळ, तेव्हा तर हात आवरलेलाच बरा. आणि गाडीचं म्हणाल, तर आपले भोई बांधव पहाटे कोणत्या गाडीवर निघतात ते एकदा बघा. साधी मोपेड. मागं थर्माकोलची पेटी, तिच्यात बर्फ, कटला, रोहू, नशीब असलं तर मरळ. ज्याचं पोट त्या धंद्यावर आहे त्यानं वर्षानुवर्षं तीच गाडी ठेवली, कारण ती फसली तर दोन माणसं उचलून बाहेर काढतात. भरवसा म्हणजे काय, हे त्या मोपेडवाल्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मग उरतं काय? वावर. जागलीला जायचं, खत-बियाणं न्यायचं, माल आणायचा, आणि अडीनडीला माणूस बाहेर काढायचा. यासाठी गाडी निवडायची असेल तर आधी आपली माती ओळखा.

आपली काळी माती फुगते. पाणी प्यायली की चिकट होते, सुकली की भेगाळते. गाळाच्या किंवा रेताड मातीत टायर रुतला तरी त्याला कुठंतरी आधार मिळतो. काळ्या मातीचं तसं नाही. ती टायरच्या खाचांत भरते, मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये गच्च बसते, आणि दोन मिनिटांत खाचांचा महागडा टायर गुळगुळीत होऊन जातो. मोटारसायकलचं चाक तर फिरायचंच थांबतं. काडीनं गारा काढत काढत गाडी ढकलत नेलेली नाही असा कास्तकार आपल्या तालुक्यात सापडायचा नाही. व्हिडिओतला चिखल वेगळा अन् आपला गारा वेगळा, हे लक्षात ठेवा.

आता एकेक गाडी बघू.

एटीव्ही. ही गाडी नवी नाही. होंडानं 1970 मध्ये तीन चाकी काढली, सुझुकीनं 1982 मध्ये चार चाकी. तीन चाकी इतक्या उलटल्या की अमेरिकेत 1988 मध्ये त्यांची विक्री थांबवावी लागली. चार चाकी त्या मानानं बरी, तरी डोक्यावर छप्पर नाही, आणि उतारावर उलटली तर अंगावर येते. भारतात बहुतेक एटीव्हींना नंबरच मिळत नाही, म्हणजे डांबरी रस्त्यावर आणायची सोय नाही. पोलारिसनं स्पोर्ट्समन 570 ही गाडी शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली होती, किंमत आठ लाखांच्या घरात. त्या पैशात खरा ट्रॅक्टर येतो. आणि सुट्या भागांचं काय? आपण पत्त्यावर नुसतं मालेगाव लिहिलं की अर्धी पार्सलं नाशिकच्या मालेगावला जाऊन येतात. ऐन सप्टेंबरात बेल्ट तुटला तर गाडी दिवाळीपर्यंत गोठ्यात.

थार. पोरांचा जीव हिच्यावर. गाडी दमदार आहे, खोटं कशाला बोलू. पण जानेवारी 2023 पासून थार दोन प्रकारात मिळते. एकीत चारही चाकं ओढतात, दुसरीत फक्त मागची दोन. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. गावात थार आली की सगळे पेढे खातात, कोणी विचारत नाही की फोर बाय फोर आहे का. दोन चाकांची घेऊन पाणंदीत घालाल तर काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागेल. आणि चारही चाकांची घेतली तरी वजन पावणेदोन टनाच्या आसपास. काळ्या मातीत एवढं वजन एकदा टेकलं की टेकलं.

जिम्नी. वजन साधारण बाराशे किलो, सगळ्या मॉडेलला चारही चाकं ओढणारी, लो गिअरही आहे. चिखलात हलकी गाडी जास्त वेळ वर राहते, म्हणून ही मला त्यातल्या त्यात शहाणी वाटते. पण खताची पोती कुठं टाकाल?

गुरखा. दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक हवेत फिरत बसलं तरी दुसरं जमीन धरतं. जमिनीपासून उंची 233 मिलिमीटर. डोंगर-ओढ्याची गाडी आहे. पण किंमत ऐकून आपल्या सहा एकरवाल्यानं नमस्कार करावा.

बोलेरो. गावोगावचा मेकॅनिक हिला ओळखतो, ही तिची खरी ताकद. पण ती मागच्या चाकांवर चालते. जिथवर मुरूम तिथवर बोलेरो.

आणि कोणतीही गाडी घ्या, तिला उंच टायर, लाईटची पट्टी, जाडजूड बंपर लावायच्या आधी ध्यानात घ्या, की 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मनानं केलेल्या फेरबदलांना मनाई आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच बघते.

राहिला लहान ट्रॅक्टर, वीस-तीस हॉर्सपॉवरचा, चारही चाकं ओढणारा. माझं मत विचाराल तर वावरासाठी हाच. मोठं चाक, उंच खाचा, हळू गिअर. वखर चालतो, फवारणी चालते, ट्रॉली चालते, आणि कोणाची थार फसली तर तीही निघते. वर्षाचे बारा महिने पोट भरून देतो. फक्त मडगार्डवर माणसं बसवू नका. खड्ड्यात चाक गेलं की माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो. दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लेकरू तिथंच बसवतो.

माझे एक काका आहेत, सत्तरीचे. ही सगळी चर्चा ऐकून ते म्हणाले, "वावरात जाचं हाय का मिरवाचं हाय, ते सांग आधी. वावरात जाचं असन तं रस्ता करा लेकहो." माझी खरी गोष्ट इथून सुरू होते.

दोन वर्षांपूर्वीची सप्टेंबरातली रात्र. आमच्या धुऱ्याला लागून वावर असलेला एक शेजारी जागलीला होता. मचाणावरून उतरताना पायाला साप चावला. घोणस होती. त्यानं फोन केला तेव्हा साडेअकरा वाजले होते. 108 ला फोन लागला, रुग्णवाहिका आलीही, पण डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून वावर दोन किलोमीटर, आणि मध्ये आमची पाणंद. दिवसभर पाऊस झालेला. मोटारसायकल शंभर पावलांवर थांबली. जवळचा ट्रॅक्टर दुसऱ्या शिवारात होता. शेवटी एकानं बैल जुंपले. बंडीच्या चाकाला गारा चढत होता, दोघं जण काठ्यांनी तो काढत होते, आणि बंडीत तो माणूस पाय धरून विव्हळत होता. दोन किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. डांबरीवरून दवाखाना पंधरा मिनिटांत आला.

तो वाचला. पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर बोटांवर भागलं नसतं.

त्या रात्री रुग्णवाहिका डांबरीवर उभी होती तेव्हा लांबवर समृद्धीवरच्या गाड्यांचे लाईट दिसत होते. तो 701 किलोमीटरचा रस्ता आपल्या तालुक्यातून जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 5 जून 2025 ला मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. कारला वेगमर्यादा ताशी 120. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरला मात्र तिथं बंदी, म्हणजे आपल्या घरातल्या दोन्ही वाहनांना. अकोला-नांदेड महामार्गही रुंद झाला. हे रस्ते झाले याचा मला राग नाही, त्यांचा उपयोग मीही करतो. पण ताशी 120 पासून पन्नास मिनिटांत दोन किलोमीटरपर्यंतचं अंतर एका शिवारात आहे, आणि ते कोणती गाडी घेतल्यानं मिटेल हे मला अजून समजलेलं नाही.

हिशोब करा. आमच्या पाणंदीवर सव्वीस खातेदार. त्यातल्या पाचांनी दहा-दहा लाखांची गाडी घेतली तर पन्नास लाख झाले. बाकीचे एकवीस चिखलातच. आणि पाच-सात वर्षांनी गाड्या भंगारात, पाणंद होती तशीच. उलट रस्ता झाला तर मोपेडही जाते, 108 ही जाते, आणि सोयाबीनचा व्यापारी वावरात येऊन भाव करतो.

पाणंद मुळात अरुंद नसते, ती अरुंद होत जाते. तलाठ्याकडून गाव नकाशा घेऊन बघा. दोन तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो. एका तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. आज जागेवर जाऊन टेप लावा, कितीक ठिकाणी बंडी निघेल एवढाच उरलाय. दोन्हीकडून दरवर्षी एकेक तास आत सरकला, दुसरं काय.

सोय कायद्यात आहे. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143 आहे. त्याखाली तहसीलदार धुऱ्यावरून वाट देऊ शकतात. मे 2025 मध्ये शासनानं शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद करायचे आणि त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कात घ्यायची असं सांगितलं. ही नोंद फार कामाची, कारण वावर विकलं तरी रस्ता विकला जात नाही. बांधकामासाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, मनरेगाच्या जोडीनं चाललेली. ग्रामसभेचा ठराव लागतो आणि अतिक्रमण निघालेलं लागतं. गाडं बहुतेक वेळा तिथंच अडतं. निधीच्या आधी दोन भावकींचं भांडण सुटावं लागतं.

आमच्याकडं सव्वीसपैकी एकोणीस सह्या झाल्यात. उरलेल्या सातांपैकी चार जण म्हणतात मोजणी आणा, मग बघू. तिघं म्हणतात आमचा एक फूटही जाणार नाही. त्यांच्या घरी मी परवा पुन्हा गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. त्यातल्या एकाचा पोरगा आता जागलीला जातो. एवढंच त्यांच्या कानावर घालून आलो.

भावाला सध्या सांगितलंय, गाडीचे पैसे बँकेत ठेव. पुढच्या सुट्टीत एक टेप घेऊन ये, आपण पाणंद मोजू. तुमच्याही पाणंदीवर किती खातेदार आहेत, किती सह्या झाल्या, कुठं अडलंय, ते खाली लिहा. ज्यांच्या गावात रस्ता झाला त्यांनी भांडण कसं मिटवलं तेही सांगा. पेरणी झाल्यावर वावरात टेप धरायला कोणी येत नाही, म्हणून जे करायचं ते मृगाच्या आत.