जुना टर्बो घेताना

श्रावण लागला की माझ्या धाकट्या भावाला पेणच्या गणपतीमूर्तींची भाडी मिळतात. पेणहून खोपोली, मग बोरघाट चढून पुणे. त्या वर्षी दोन खेपा बाकी असताना पिकअपने घाटात मान टाकली. गाडी उचलत नव्हती, मागून निळसर धूर येत होता आणि टर्बो करवतीसारखा किंचाळत होता.

खोपोलीच्या मिस्त्रीचाचांनी टर्बो खोलला. तेलाची बारीक नळी आम्हाला दाखवली. आत काळा, कडक थर बसला होता. "ऑइल कधी बदललं होतं?" आम्ही दोघेही गप्प. पैसे वाचवायला दोनदा पुढे ढकललं होतं. शिवाय भाऊ घाट चढून वर पोचला की लगेच इंजिन बंद करून चहाला जायचा. तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथेच करपतं.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतलं. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल अडलं की खेळ संपला.

नव्या टर्बोचे पैसे घरात नव्हते. चाचा खोपोलीहून लोकलमध्ये बसले, मी कर्जतला चढलो आणि आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. जुना टर्बो माझ्या पिशवीत होता.

पहिल्या दुकानदाराने चकचकीत माल पुढे ठेवला. मला तो लगेच आवडला. चाचा म्हणाले, "बेटा, धुतलेल्यापेक्षा मळलेला बरा. डाग खरं बोलतात." त्यांनी आधी पट्टीवरचा नंबर आमच्या टर्बोशी जुळवला. बोटाने पंखा फिरवला. मग दांडा आडवा हलवून पाहिला. तेल नसताना किंचित हलतो, ते चालतं, पण पंख्याचं पातं कडेला घासता कामा नये. शेवटी दांडा आतबाहेर ओढला. टक्‌ असा आवाज आला. चाचांनी तो खाली ठेवला.

पुढच्या दुकानातला टर्बो काजळीने माखलेला होता. काजळी कोरडी होती. हवेच्या बाजूला तेल साचलेलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात दोन्ही पंख्यांची पाती पाहिली, एकही कडा उडालेली नव्हती. गरम बाजूच्या बिडाला तडा नव्हता. दांडा आतबाहेर ओढला तर हाताला काही जाणवलं नाही. भाव ठरला.

दुकानदार म्हणाला, "जुना आणलाय? वजावट देतो."

मी पिशवीतून काढला. आदल्या रात्री घरी डिझेलने घासून मी तो चकचकीत केला होता. "काय झालंय याला?" त्याने विचारलं. "चालू होता," असं माझ्या ओठांवर आलं. चाचा माझ्याकडे पाहत होते, पण बोलले काहीच नाहीत. अब्बा लहानपणी सांगायचे ती गोष्ट आठवली. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, वरून कोरडी असलेली रास आत ओली निघाली, आणि त्यांनी विकणाऱ्याला विचारलं की ओलं धान्य वर का नाही ठेवलंस?

"तेल अडलं होतं. दांडा डुगडुगतो," मी म्हणालो. वजावट निम्म्यावर आली.

परतताना चाचा लोकलमध्ये खिडकीशी बसून झोपले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं ऑइल, नवा फिल्टर आणि नवी नळी टाकली. बसवण्याआधी टर्बोत स्वच्छ तेल ओतून पंखा हाताने फिरवला. दोन्ही खेपा वेळेत पुण्याला पोचल्या. आता भाऊ घाट चढून वर थांबला की इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवतो. चहावाला हाक मारतो, तरी तो गाडीतच बसून राहतो.