मे महिन्यातली विहीर

गुडघे विहिरीत उतरेनात, तसं फूटव्हॉल्व्हचं काम आयटीआय शिकून आलेल्या पुतण्याकडे गेलं. पाइप कुणीही जोडील. महाबळेश्वरात खरं कसब सक्शनचं.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण त्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. मुंबईत ती कागदावर 10.3 मीटर चढवते; आपल्याकडे साडेचार हजार फुटांवर जेमतेम पावणेनऊ. त्यातून पाइपचं घर्षण आणि एल्बो वजा. म्हणून 25 फूट सक्शन छापलेला मोनोब्लॉक इथं 20 फुटांनाच दम टाकतो. घाटाखालच्या दुकानदाराला हे कोण सांगणार? तो पंप ऑक्टोबरात विकतो, तेव्हा विहीर तुडुंब आणि पंप झकास. पाणी तळाला जातं मे महिन्यात, नेमकी लॉजं भरलेली असताना. मग मला बोलावणं.

मी पंपाला नुसता कान लावायचो. केसिंगमध्ये खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला, की सक्शन ताणलंय. ग्लँड आवळून, प्रायमिंग करून धार पडली की जमलेली माणसं माझ्याकडे बघायची. ते बघणं मला मजुरीपेक्षा गोड लागायचं.

पुतण्या ओपनवेल सबमर्सिबल दोरीला बांधून सरळ पाण्यात सोडतो. ‘काका, ओढायचंच नाही तर सक्शन मोजायचं कशाला?’ बरोबर आहे त्याचं. पण माझं अर्धं कसब त्या दोरीबरोबर विहिरीत गेलं. बिघडला की अख्खा पंप वर काढावा लागतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. खरंच आहे ते. फक्त गरजेपेक्षा जरा मोठ्यानं सांगतो.

गीझरबाबत मात्र मी हटत नाही. 3 किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला तीन लिटर पाणी फार तर 14 अंशांनी तापवतो. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. टाकीतलं 12 अंशांचं पाणी त्यानं 26 वर येणार. त्याला आंघोळ म्हणत नाहीत. सोलर अख्खा पावसाळा ढगात झोपतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर मी कुणालाच लावून दिला नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा साठवणीचा घ्या. 60 अंशांना पोचायला पाऊण तास लागेल, लागू द्या.

आणि पंपाचं म्हणाल, तर विहीर मे महिन्यात मोजा. पाणी पंपापासून 15 फुटांच्या खाली जात असेल तर मला विचारू नका, पुतण्याला बोलवा.