नऊ टक्के

दोन वर्षांपूर्वी पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. सोबत संगणकाने काढलेला साम्य-अहवाल: नऊ टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. म्हणजे ती सुटली होती. मी एका परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ‘हे जरा तुझ्या शब्दांत सांग.’ ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मॅडम, इंग्रजी पुस्तकातलं मराठीत केलंय. ते सापडत नाही म्हणतात.’

विषय होता ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. तिचे आईवडील दरवर्षी बीडहून कारखान्यावर तोडीला जाणारे.

मला राग आला नाही, फार वाईट वाटलं. अहवाल शब्दांशी शब्द जुळवतो. विचार कुणाचा, हे त्याला कळत नाही. आता तर यंत्रच मजकूर लिहून देतं, तेव्हा टक्केवारीवर विसंबून राहणं आणखी धोक्याचं.

संशोधक ट्रेसी ब्रेटॅग आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आठ विद्यापीठांतल्या १४,०८६ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की स्वाध्याय दुसऱ्याकडून लिहून घेण्याकडे मुलं का वळतात. शिकवण्याबद्दलची नाराजी, घरची भाषा इंग्रजी नसणं आणि फसवणुकीला भरपूर वाव आहे असं वाटणं, या तीन गोष्टी त्यात ठळक दिसल्या. वाचताना मला आमचेच वर्ग आठवले. घरात मराठी, उर्दू किंवा बंजारा बोली, संदर्भग्रंथ इंग्रजीत, आणि परीक्षेला ‘अपेक्षित’ प्रश्नसंच. आमच्याकडे प्रश्नोत्तरांच्या पुस्तकालाही गाईड म्हणतात आणि पीएच.डी.च्या मार्गदर्शकालाही. पदवीपर्यंत पहिल्या गाईडवर निभावलेलं पोर दुसऱ्याकडूनही तयार उत्तराचीच अपेक्षा ठेवतं, यात त्याचा दोष किती?

याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९५० साली डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी, १९२४ मध्ये, मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे त्यांनी अध्यापन आणि संशोधन यांची ताटातूट करू नये असं आग्रहाने मांडलं होतं. आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या या परिसरात मला ते रोज आठवतं. पदवीच्या वर्गात शोधायला न शिकवता पीएच.डी.ला एकदम प्रामाणिक संशोधन मागणं अन्याय्यच आहे. कॉपी रोखायला भरारी पथकं हवीत, पण ती परीक्षेच्या तीन तासांपुरती. मी आता प्रत्येक स्वाध्यायावर मुलांशी दहा मिनिटं बोलते, कच्चे खर्डे बघते. साठ मुलांच्या वर्गात हे दमवणारं आहे, आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय सगळीकडे जमणारही नाही.

त्या विद्यार्थिनीला मी ते प्रकरण परत दिलं. त्याच परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ मग ती बोलायला लागली. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल कोयत्याला मिळते, आणि आईसोबत मोळ्या बांधणारी दहा वर्षांची मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते. सव्वा तास ती सांगत होती. त्या इंग्रजी परिच्छेदात ‘कुटुंब हे श्रमाचं एकक’ एवढंच होतं.

‘हे प्रबंधात चालतं?’ तिने विचारलं.

यंदा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील तेव्हा ती गावातल्या हंगामी वसतिगृहात वही घेऊन बसणार आहे, मागे राहिलेल्या मुलांसोबत.