जोडेघाटची चढण

उंचीच्या आकड्यांत आदिलाबादचे डोंगर कुठेच बसत नाहीत. कळसूबाई चढून आलेल्याला केरामेरीचा घाट पाहून विशेष काही वाटणार नाही. तरी सातमाळेची जी रांग या मुलखातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, तिच्यातल्या जोडेघाटच्या चढणीनं मला जितकं दमवलं तितकं सह्याद्रीतल्या कुठल्याच वाटेनं दमवलं नाही. आता पायथ्याच्या हट्टी गावावरून वर गाडी जाते. पण हा डोंगर पायांनीच चढावा, आणि तोही तिथल्या माणसाच्या मागून.

मी आश्विनात गेलो. पाऊस नुकता सरलेला, वारा पूर्ण पडलेला. साग पानांनी इतका गच्च की आभाळ तुकड्या-तुकड्यांनीच दिसत होतं. गवत कमरेच्या वर आलेलं, त्याची कुसळं कापडातून आत शिरून टोचत होती. पायाखालचा मुरूम ओला होता आणि सरकत होता. पुढे चालणारा गोंड वाटाड्या काठीनं आडवी आलेली कोळ्याची जाळी बाजूला सारत होता. अर्ध्या चढावर मी प्रश्न विचारायला लागलो तसा तो न वळताच म्हणाला, "बोलू नका भाऊ, दम राहू द्या. वर बसून बोलू."

त्याची मराठी स्वच्छ होती. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची सीमा पुढे आखली गेली. सोयरिकी, बाजार आणि बोली तिच्या दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या.

एका वळणावर त्यानं सागाचं कोवळं पान तोडून माझ्या तळव्यावर चुरगळलं. तळवा लाल झाला. पुढे मोहाच्या एका जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड होते. तिथे त्यानं चपला काढल्या, मीही काढल्या. त्यानं देवाचं नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या डोंगरातल्या कितीतरी देवांची पूजा गोंडांसाठीसुद्धा कोलाम करतात, कारण उतारावरच्या रानात वस्ती करून राहणारे कोलाम इथले जुने रहिवासी मानले जातात. डोंगर आधी कुणाचा, हे इथे पूजेच्या मानावरून कळतं.

निजामाच्या जंगल खात्याचा हिशेब वेगळा होता. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या राब जाळून ज्वारी-कोसरा पिकवणारी माणसं आपल्याच उतारावर अतिक्रमण करणारी ठरली. पिकं उपटली गेली, झोपड्या जाळल्या गेल्या. गोंडांचे नेते कोमरम भीम यांनी बारा गावांसाठी जल, जंगल आणि जमिनीचा हक्क मागितला, तो मिळेना म्हणून माणसं जमवली आणि याच डोंगराचा आसरा घेतला. आपण ज्या चढणीला कस पाहणारी म्हणतो, तीच तेव्हा त्यांची तटबंदी होती. 1940 मध्ये पोलिसांनी ती ओलांडली आणि जोडेघाटला भीम मारले गेले. त्यांची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्याकडे त्या रात्री कोजागरीचं दूध आटत असतं. हे ठाऊक झाल्यापासून मला त्या चांदण्याकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

त्या उठावानंतर निजाम सरकारला इथली माणसं समजून घ्यायची निकड वाटली. हायमेनडॉर्फ हे मानवशास्त्रज्ञ पत्नी एलिझाबेथसह जवळच्या मारलवाईत येऊन राहिले. 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि गोंडीची क्रमिक पुस्तकं देवनागरीत निघाली. एलिझाबेथ यांची समाधीही मारलवाईतच आहे.

माथा आला तेव्हा झाडी एकदम मागे हटली. वर पठार आहे, भीमांचा पुतळा आहे, संग्रहालय आहे. कपाशीची बोंडं फुटायला आली होती. कडेला उभं राहिलं की खाली रानाच्या लाटांमागून लाटा आसिफाबादकडे जाताना दिसतात. 2016 मध्ये झालेल्या नव्या जिल्ह्याला भीमांचंच नाव दिलं आहे. तोवर हा सगळा मुलूख आदिलाबादचाच होता. मला शिखर गाठल्याचा आनंद झाला, तो खरा होता. पण माझा वाटाड्या घामही न पुसता पठारावरच्या एका शेताकडे पाहत होता.

"आता बोला," तो म्हणाला. मग तोच बोलत राहिला. उतारावर त्याच्या भावाची जमीन आहे, तिच्या पट्ट्यासाठी वनहक्काचा अर्ज केला आहे. पुण्यतिथीच्या दरबाराला अधिकारी येतात, तेव्हा तो अर्ज घेऊन पुन्हा वर यायचं त्यानं ठरवलं होतं. त्या कागदावर काय काय जोडलं आहे, कोणता ठराव ग्रामसभेचा, कोणती सही कुणाची, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. खाली उतरेपर्यंत आम्ही त्या अर्जाविषयीच बोललो, आणि उतरताना तो मला एकदाही गप्प बसा म्हणाला नाही.